जाड तार

कुंदाने गिटारीची सगळ्यात वरची, सगळ्यात जाड तार डाव्या हाताच्या बोटाने दाबून धरली, उजव्या हाताने छेडली आणि मनातल्या मनात ‘एक’ म्हणाली. तार घुमली. ‘दो’ म्हणेपर्यंत मांडणीतल्या ताटल्या किणकिणायला लागल्या. ‘तीन’ येणार, तोच शेजारून नरेंद्रचा डावा पंजा आला आणि चारही तारांवर सपकन पडला. आवाज जागच्या जागी मेला. ताटल्याही गप्प झाल्या.

“नको,” नरेंद्र म्हणाला.

कुंदाने त्याचा पंजा उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला, वर्गात हुंदडणाऱ्या पोराला बाकावर नेऊन बसवावं तसा.

“एकदाच हो. एकदा चारपर्यंत जाऊ द्या, मग भाजी टाकते.”

तिने पुन्हा तार दाबली. एक. दो. पंजा आला.

“नको.”

“बरं, राहिलं.”

तिने स्पीकरच्या डब्याचं बटण बंद केलं. बोटाच्या टोकाला तारेचा खोल वळ उमटला होता. तिने ते बोट तोंडात धरलं. गंजक्या खिळ्यासारखी चव आली.

आतल्या खोलीतून मनाली लॅपटॉप हातात घेऊनच बाहेर आली. तिचं ऑफिस आठवड्यातले काही दिवस घरातूनच चालायचं.

“मम्मी, यार, मीटिंग चालू होती. माझ्या मागून म्हैस हंबरल्यासारखं येत होतं. सर विचारतात, मनाली, गाव गई हो क्या?”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, मेरी मम्मी बँड जॉइन कर रही है.”

कुंदा हसली. हसतहसतच तिने नरेंद्रकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, आनंदनगरच्या कंपनीत, पहिली पाळी सुटताना नरेंद्र बुटाची नाडी सोडायला खाली बसला, तो आपल्या पायांनी उठला नाही. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द गेले. सगळे म्हणजे एक सोडून. ‘नको’ तेवढा राहिला. तोच का राहिला, बाकीचे कुठे गेले, परत येतील का, हे कुंदाने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “बघू.” पुढच्या वेळी विचारलं, तेव्हाही बघू. घरी येताना रिक्षात ती मनालीला म्हणाली, “डॉक्टरांकडे पण एकच शब्द शिल्लक आहे वाटतं.”

चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नको. नरेंद्रची बहीण, बकुळाताई, पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा तिला बघून त्याचे डोळे भरले आणि तोंडातून नकोच निघालं. ती बिचारी केळ्यांची पिशवी उचलून तशीच मागे फिरली होती. तेव्हापासून कुंदाने नियमच केला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती उंबऱ्यातच सांगायची, “शब्दावर जायचं नाही. हातावर जायचं. डावा हात खरं बोलतो.” कप जवळ ओढला म्हणजे चहा हवा. पालथा हात डोळ्यांवर म्हणजे दिवा घालवा. चादर मुठीत धरली म्हणजे दुखतंय. घरात ही भाषा तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. मनालीचंही चुकायचं, ती उशी द्यायला जायची आणि त्याला पंखा हवा असायचा. कुंदाचं चुकत नसे. एवढ्या सगळ्यात अभिमान वाटावा असं तिच्याकडे तेवढंच होतं, आणि तो ती स्वतःला वाटू देई.

गिटार दाराच्या मागे होती. काळ्या पिशवीत, उभी. कुंदा उल्हासनगरच्या एका कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणायची आणि शिवणीबाहेर लोंबणारे धागे कापून परत द्यायची. एका दुपारी गठ्ठा ओढताना तो पिशवीला धडकला आणि आतून ‘घूंऽऽ’ असा आवाज आला. अगदी बारीक. पण इस्पितळातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या नरेंद्रने मान वळवली. दाराकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला.

कुंदा हातातली कात्री तशीच धरून बसली होती.

मग तिने गिटार बाहेर काढली. केबल तुटकी निघाली, म्हणून जीन्स द्यायला गेली तेव्हा उल्हासनगरच्या बाजारात वाद्यांच्या दुकानात शिरली. गल्ल्यावरच्या सिंधी काकांनी केबल गुंडाळत विचारलं, “बेटे के लिए, भाभी?”

“नाही. मेरे लिए.”

काकांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. साडीला चिकटलेले निळे धागे पाहिले.

“अच्छा है, साईं. सीखो,” ते म्हणाले आणि पिशवी बदलून जरा चांगली दिली.

शिकवायला मोबाइल होता. मनालीने व्हिडिओ लावून दिला. त्यात एक दाढीवाला मुलगा समोर बसून सांगायचा, आज बस इतनाही, एक तार, चार गिनती. एक, दो, तीन, चार. कुंदाला ते ‘बस इतनाही’ ऐकून राग यायचा. तिने आयुष्यात चपात्या मोजल्या होत्या, जीन्स मोजल्या होत्या, औषधाचे थेंब मोजले होते. पण हाताने एक करायचं आणि मनाने मोजायचं म्हटलं की तीन कुठे गेला ते कळायचं नाही. डावा हात दाबायला जायचा तेव्हा उजवा विसरायचा. उजवा छेडायचा तेव्हा डावा सुटलेला असायचा. खाटेवर नरेंद्रच्या डाव्या अंगाला ती बसायची, म्हणजे त्याला दिसेल. मोबाइल उशीला टेकवायची, आणि गिटार मांडीवर घेतली की ती लहान मूल घेतल्यासारखी सरकत खाली यायची.

पहिल्या दिवशी नरेंद्रने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पंजा यायला लागला.

एवढी वर्षं ही गिटार घरात होती आणि कुंदाला तिच्याबद्दल काही म्हणता काही माहीत नव्हतं. मिलिंद भाऊजींच्या गायन पार्टीत नरेंद्र बेस, म्हणजे हीच चार जाड तारांची गिटार, वाजवायचा. कंपनी सुटली की तालीम, जयंतीचे दोन महिने प्रोग्रॅमच प्रोग्रॅम. स्टेजवर तो मागे उभा असायचा, ढोलकीच्या खांद्याला खांदा लावून, चेहऱ्यावर रेशनच्या रांगेत उभं असल्याचा भाव. लग्न नवीन असताना ती पहिल्यांदा प्रोग्रॅमला गेली. परत येताना तिने विचारलं होतं, “सगळ्यांचं ऐकू आलं. तुमचं कुठलं होतं?”

“पोटात काहीतरी होत होतं ना तुझ्या?”

“हो.”

“ते मी.”

कुंदाला ते तिथल्या पुलावामुळे वाटलं होतं. तसं ती म्हणाली, तेव्हा तो रस्त्यात थांबून हसला होता.

घरी तो तालीम करायचा तेव्हाही तिचं लक्ष नसायचं. ती चपात्या लाटत असायची. मागे मांडणीतल्या ताटल्या टिण करायच्या, गप्प व्हायच्या, टिण करायच्या, गप्प व्हायच्या. तिचं लाटणं आपोआप त्याच्याबरोबर फिरायचं. कधी तो मधेच उठून गेला तर चपाती वाकडी व्हायची.

मिलिंद भाऊजींचा फोन आला तेव्हा ती धागे कापत होती. त्यांनी आधी दादाची तब्येत विचारली, मग फिजिओथेरपीचं, मग मनालीच्या नोकरीचं. मग नुसतंच ‘बरं, बरं’ म्हणत राहिले.

“बोला ना, भाऊजी.”

“वहिनी, दादाची जागा दादाचीच आहे. ती कुणी घेत नाही.”

“हो.”

“पण तारखा आल्यात. अंबरनाथ आहे, बदलापूरचे तर चार-पाच आहेत. बेसशिवाय पार्टी कशी उभी करू? आपला सुजित आहे, खंजिरी वाजवायचा बघा, तो शिकलाय थोडंफार. पण त्याच्याकडे गिटार नाही. भाड्याची आणली तर तिचा आवाज पत्र्यासारखा येतो.” भाऊजी खोकले. “दादाची मिळाली असती तर... म्हणजे दादाला चालत असेल तरच. तुम्ही दादाला विचारा. त्याला नसेल चालत तर विषय बंद. देवाशप्पथ म्हणत नाही, पण मनापासून सांगतो.”

“विचारते,” कुंदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की विचारायचं कसं.

तिने तरी विचारलं. खाटेशी बसून, त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून.

“गिटार द्यायची का सुजितला?”

“नको.”

“मग ठेवायची का घरात?”

“नको.”

“तुम्हाला वाजवायचीय का परत, कधीतरी?”

नरेंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. काहीतरी मोठं ओढून वर आणत असल्यासारखा तो श्वास घेत होता. कुंदाने नकळत स्वतःचेही ओठ जुळवले.

“नको,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

मग उरला हात. कुंदाने ठरवलं, हाताला विचारायचं. रोज दुपारी गिटार घेऊन बसायचं आणि हात काय म्हणतो ते बघायचं. त्याने गिटार जवळ ओढली, कुरवाळली, नुसती बोटं ठेवली तरी पुरे. मग ती भाऊजींना सांगणार होती की नाही मिळणार, भाड्याची आणा, पत्र्याची आणा, काहीही करा. कारण तिच्या मते ती गिटार गेली म्हणजे हा माणूस परत उठून स्टेजवर जाणार नाही असं सगळ्यांनी मिळून कबूल केलं, असं होत होतं. आणि ती राहिली म्हणजे अजून ‘बघू’ होतं.

ती रोज बसली. तार दाबली, छेडली. रोज तेच झालं. ‘दो’पर्यंत तो ऐकून घ्यायचा आणि ‘तीन’च्या तोंडावर पंजा पडायचा. तिने बारीक तार वाजवून पाहिली, तरी पंजा. हळू छेडून पाहिली, तरी पंजा. एकदा ती जरा सरकून लांब बसली, त्याचा हात पोचू नये म्हणून. तेव्हा पंजा खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला. इतका जोरात, की बोटं लाल झाली.

“अहो, लागेल ना!”

“नको. नको.”

त्या दिवशी फिजिओथेरपीची अक्षदा आली होती. तिने त्याचा उजवा खांदा फिरवता फिरवता हे सगळं पाहिलं.

“काकी, रोज करतात असं?”

“रोज.”

“होतं काही जणांना. स्ट्रोकनंतर मोठा आवाज सहन नाही होत. इरिटेशन होतं. टीव्ही पण हळूच ठेवा.” मग तिला कुंदाचा चेहरा दिसला असावा. “पण काकांचा लेफ्ट हँड एकदम फिट आहे हां. टायमिंग बघा कसलं आहे.”

“ते तर आहे,” कुंदा म्हणाली.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर तिने भाऊजींना फोन लावला. “या घेऊन जा,” एवढंच म्हणाली. पुढे त्यांनी पैशाचं काही काढलं, तेव्हा तिने फोन मनालीच्या हातात दिला.

रविवारी सकाळी मिलिंद भाऊजी आणि सुजित आले. सुजित तिशीतला, जाडसर, आनंदनगरलाच दुसऱ्या कंपनीत कामाला. जय भीम झाला. त्याने चपला इतक्या लांब काढल्या की शेजाऱ्यांच्या दारात गेल्या. खुर्चीच्या कडेवर बसून तो नरेंद्रशी बोलायचा प्रयत्न करत होता.

“दादा, मी नीट सांभाळीन. कव्हरशिवाय कुठे नेणार नाही.”

“नको,” नरेंद्र म्हणाला.

सुजित घाबरून भाऊजींकडे बघायला लागला.

“शब्दावर नका जाऊ,” कुंदा चहाचे कप ठेवत म्हणाली. “ते सगळ्यालाच म्हणतात. वाजवून बघा ना, चालू आहे की नाही ते.”

सुजितने केबल लावली आणि खालच्या आवाजात तार छेडली. तार घुमली. ताटल्या किणकिणायला लागल्या. खाटेवर नरेंद्रचा पंजा उठला आणि कडेवर आपटला. सुजितने परत छेडली. परत आपटला.

“बघा,” कुंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. “असंच करतात. मी वाजवते तेव्हाही.”

“बंद कर रे सुजित,” मिलिंद भाऊजी म्हणाले. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि चष्मा पुसायला लागले. ज्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य स्टेजवर काढलं, त्याला गिटारीचा आवाज सोसेना, हे त्यांना बघवत नव्हतं. चहा तसाच राहिला.

पिशवीची चेन लागली. सुजितने ती खांद्यावर घेतली.

“नको,” नरेंद्र म्हणाला. मग थांबून, जरा मोठ्याने, “नको.”

भाऊजी दारातच थांबले. “वहिनी, दादा नको म्हणतोय.”

कुंदाने नरेंद्रकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही. हाताकडे. डावा हात चादरीवर पडला होता, तळवा वर, बोटं सैल. मूठ नाही, ओढणं नाही, आपटणं नाही.

“हात बघा, भाऊजी,” ती म्हणाली. “हात कसा शांत आहे.”

ते जिन्याने खाली उतरले. ती पाठोपाठ धावत गेली आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांना गाठलं.

“केबल राहिली,” ती म्हणाली, आणि नवी केबल सुजितच्या हातात दिली.

दाराच्या मागे भिंतीवर गिटारीएवढा रंग कमी मळलेला राहिला होता. कुंदाने तिथे जीन्सचा गठ्ठा लावून टाकला. नरेंद्र परत भिंतीकडे वळला. घर शांत झालं, अक्षदाने सांगितलं होतं त्याहून जास्त. मनालीने एकदा विचारलं, “मम्मी, तू दुसरी सेकंडहँड घे ना. तुला आवडायला लागलं होतं.”

“कुठलं गं? मला तीनपर्यंत पण जाता आलं नाही.”

तिच्या बोटांची टोकं जाड झाली होती ती तशीच राहिली. कात्री धरताना तिला ती जाणवायची. मग एक दिवस त्यांचे पापुद्रे निघायला लागले. तिने ते काढले आणि जीन्सच्या धाग्यांबरोबर सुपलीत भरून टाकून दिले.

बदलापूरला, कुळगावातल्या एका गल्लीत जयंतीचा प्रोग्रॅम होता. दादाला आणाच, असं मिलिंद भाऊजींनी दोनदा सांगितलं. कुंदाला न्यायचं नव्हतं. एवढे स्पीकर, एवढा आवाज.

“मम्मी, पप्पा घरात वेडे होतील,” मनाली म्हणाली. “नाही झेपलं तर लगेच निघू. रिक्षा थांबवून ठेवू.”

विहारातून चाकाची खुर्ची मिळाली. नरेंद्रला पांढरा शर्ट घातला. उजवी बाही घालताना कुंदा नेहमीसारखं त्याच्या निर्जीव हाताला “चल, ये,” म्हणाली. रिक्षात तो तिच्या खांद्यावर कलंडून बसला. रस्त्याने निळ्या पताका लागल्या तशी त्याची मान जरा वर झाली.

ऊन उतरलं होतं. गल्ली दोन्हीकडून बंद करून खुर्च्या मांडल्या होत्या. ओळखीचे लोक आले, नरेंद्रचा खांदा दाबून गेले. कुंदाने प्रत्येकाला शब्दावर जाऊ नका म्हणून सांगितलं. पुढच्या रांगेच्या टोकाला, स्टेजजवळ जागा ठेवली होती. तिने खुर्ची स्पीकरपासून जितकी लांब सरकवता येईल तितकी सरकवली आणि स्वतः त्याच्या डाव्या बाजूला बसली.

मिलिंद भाऊजींनी माईक हातात घेतला. “आज आमचे नरेंद्रदादा समोर बसलेत. या पार्टीचा पाया आहे तो माणूस.”

टाळ्या झाल्या.

“नको,” नरेंद्र म्हणाला. आसपासचे हसले, कारण ते अगदी जागच्या जागी आलं होतं. कुंदालाही हसू आलं.

मागे ढोलकीच्या शेजारी सुजित उभा होता. नरेंद्रच्या जागेवर, नरेंद्रची गिटार घेऊन. त्याने खाली बघून दोघांना नमस्कार केला.

गाणं सुरू झालं. पहिल्याच घावाला कुंदाच्या पोटात ते आलं. जाड तार. तिने ती ओळखली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सगळ्या आवाजांतून तो एक वेगळा काढता आला. आणि त्याच क्षणी तिच्या शेजारी नरेंद्रचा पंजा उठला आणि खुर्चीच्या हातावर आपटला.

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. पंजा परत उठला. परत आपटला.

“मनाली, रिक्षा बघ,” ती ओरडून म्हणाली. “त्यांना सोसत नाहीये.”

मनाली उठली. कुंदा वाकून चाकाचा ब्रेक काढायला लागली. ब्रेक घट्ट होता. तिचं डोकं नरेंद्रच्या हाताच्या जवळ होतं, आणि तो हात तिच्या कानाशी पडत होता. धप. वर सुजितची तार घुमत होती, लांबत होती, पुढच्या सुराच्या अंगावर जात होती. एक. दो. धप. एक. दो. धप.

ती वाकलेलीच राहिली.

एक. दो. धप.

ढोलकी वाजत होती, भाऊजी वरच्या सुरात गेले होते, लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. या सगळ्याच्या खाली सुजितची तार नुसती घुमत सुटली होती, घरच्या ताटल्यांसारखी. एक सूर संपायच्या आत दुसरा, दुसऱ्यात तिसरा, सगळं मिळून एक गढूळ गुरगुर. आणि जिथे तो सूर संपायला हवा होता, नेमका तिथे, दर वेळी तिथेच, नरेंद्रचा हात तार गप्प करायला खाली येत होता. आधी नाही. नंतर नाही.

टिण. गप्प. टिण. गप्प.

कुंदा हळूहळू सरळ झाली. तिने नरेंद्रच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने वाचायचा सोडून दिलेला तो चेहरा. त्यावर राग नव्हता. त्रास नव्हता. रेशनच्या रांगेत उभं असल्याचा भाव होता. नजर स्टेजवर, सुजितच्या हातावर, आणि ओठ किंचित पुढे. घरी तालमीत ती चपात्यांचं पीठ मळताना कधीतरी मागे वळून बघायची तेव्हा असायचे तसे.

खाटेवरच्या त्या सगळ्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. ती किती वेळा त्याचा पंजा उचलून त्याच्या मांडीवर ठेवत होती.

मनाली धापा टाकत परत आली. “मम्मी, रिक्षावाला तयार आहे. चल.”

“थांब.”

“अगं पण पप्पा...”

“बस खाली, मनाली.”

कुंदाने नरेंद्रच्या खुर्चीच्या हातावर आपला उजवा हात ठेवला. तळवा वर केला. लोखंडावर पडून पडून त्याची बोटं लाल झाली होती. पंजा वर गेला होता, तो खाली आला आणि तिच्या तळव्यावर पडला. नरेंद्रने खाली पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“नको,” तो म्हणाला.

“हो,” कुंदा म्हणाली. “चालू ठेवा.”

त्याने मान परत स्टेजकडे वळवली. पंजा उठला. तिने मनात मोजलं, एक, दो. आणि तो आला. तिचा तीन चुकला नाही. त्याने चुकू दिला नाही. पुढचं कडवं, त्याच्या पुढचं. तळवा चुरचुरायला लागला तरी तिने हात काढला नाही. तिला वर जाऊन सुजितच्या हातातून गिटार काढून घ्यावीशी वाटत होती. तो मुलगा घामाघूम झाला होता आणि मान खाली घालून जिवापाड वाजवत होता. पुढच्या तारखा घेतल्या होत्या. भाऊजींनी सगळ्यांसमोर दादाला पार्टीचा पाया म्हटलं होतं. तिनेच केबलसुद्धा धावत नेऊन दिली होती.

गाणं शेवटाला आलं. ढोलकीचा घाव पडला, भाऊजींचा हात वर गेला, सगळे एकदम थांबले. सुजितने शेवटची तार जोरात छेडली आणि टाळ्यांना नमस्कार करायला दोन्ही हात जोडले.

तार घुमतच राहिली.

नरेंद्रचा पंजा खाली आला. या वेळी तो परत उठला नाही. त्याने कुंदाचा तळवा खुर्चीच्या हातावर दाबून धरला, असेल नसेल तेवढ्या जोराने, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. कुंदानेही खालून हात घट्ट केला. दोघं स्टेजकडे बघत होते.

वर, सुजितच्या गळ्यातल्या गिटारीवर, ती तार अजून घुमत होती.